दीड वाजताची उडी

सीवूड्सच्या 'सागरछाया' सोसायटीतून भंगार बाहेर न्यायचं असेल, तर काही अडचण येत नाही. वॉचमन उलट हातभार लावतो. भंगार आत आणायचं असेल तर काय करायचं, याचा मात्र उपविधींत कुठे उल्लेख नाही. असं कोणी करील, ही शक्यता उपविधी लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आली नव्हती. ती पहिल्यांदा उभी केली सुनीती केळुसकरने, आणि तीही सेवानिवृत्त झाल्यावर, म्हणजे माणसाला शहाणपण येण्याचं वय उलटून गेल्यावर.

"रजिस्टरमध्ये कॉलमच नाही ना, मॅडम," सेक्रेटरी दिलीप तावडे गेटवर उभे राहून म्हणाले. "'भंगार बाहेर' आहे. 'भंगार आत' नाही. एंट्री कुठे करू?"

टेम्पोत तीन वस्तू होत्या. जुन्या दातांच्या रंगाचा एक पत्र्याचा डबा, मागे पोट सुटलेला चौदा इंची मॉनिटर आणि पोळपाटाएवढा जड कीबोर्ड.

"हे भंगार नाही. कॉम्प्युटर आहे," सुनीती म्हणाली.

"मग बिल दाखवा."

"बिल नाही. भंगारवाल्याकडून घेतलाय."

"म्हणजे भंगारच की!" तावडे खूश झाले. मुद्दा जिंकला की ते नेहमी खूश होतात, पुढे काय करायचं हे ठाऊक नसलं तरी. पाऊण तास टेम्पो गेटमध्ये आडवा उभा राहिला. मागे स्कूलबस आली, पाण्याचा टँकर आला. शेवटी सुनीतीचे यजमान, सुभाषराव, लुंगीवर खाली उतरले आणि त्यांनी रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं: 'टीव्ही, दुरुस्तीहून परत.' त्याला कॉलम होता. सुभाषरावांनी आयुष्यभर एका औषध कंपनीच्या स्टोअर्समध्ये नोकरी केली होती, त्यामुळे कोणती वस्तू कोणत्या नावाने आत येते हे त्यांना बरोबर कळायचं.

आता अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला हा डबा कशाला हवा होता, ते सांगायला हवं. तिला एक खेळ खेळायचा होता. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं आणि ते तिला तेव्हाही नीट म्हणता येत नसे. ती त्याला 'कंदीलवाला' म्हणे. हातात कंदील घेतलेला बोटभर उंचीचा माणूस भुयारातून चालतो, वाटेत खड्डे येतात, खड्ड्यांवरून उडी मारायची आणि एकामागून एक नऊ दारं उघडायची. बस, एवढंच. हल्लीची मुलं याला खेळ म्हणणार नाहीत.

हल्लीची मुलं म्हणजे तिचा मुलगा प्रसाद. त्याने पुण्याहून फोनवर एकेक पायरी सांगत तो खेळ तिच्या लॅपटॉपवर बसवून दिला. पण त्या काळच्या खेळातली माणसं यंत्राच्या वेगाने चालत. यंत्र जलद, तर माणूस जलद. लॅपटॉपवर सुरू केल्याबरोबर कंदीलवाला सुटला तो सुनीतीचा हात बाणांवर पोचायच्या आत पहिल्या खड्ड्यात. प्रसादने वेग कमी करायची युक्ती सांगितली. तेव्हा तो अडखळत, थांबत, ठेचकाळत चालू लागला. सुनीतीने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. हा आपला कंदीलवाला नव्हे, हे तिला पहिल्या चार पावलांत कळलं होतं.

आपल्या कंदीलवाल्याची चाल तिला पाठ होती. चौऱ्याण्णव साली ती बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटर ऑपरेटर होती. अख्ख्या मजल्यावर कॉम्प्युटर एकच, त्याच्यावर ऑपरेटर दोन. दुसरी गीतांजली म्हात्रे. दुपारी दीड ते दोन जेवणाची सुट्टी. त्या अर्ध्या तासात दोघी एका खुर्चीला एक स्टूल लावून बसायच्या आणि डबा खाता खाता खेळायच्या. एका कीबोर्डवर दोघी. उजवीकडे सुनीती, तिच्या हाती बाण; डावीकडे गीतांजली, तिचा अंगठा लांबड्या स्पेसबारवर. चालवायचं सुनीतीने, उडी मारायची गीतांजलीने. दोन वर्षांत एकदाही कोणालाच 'आता' असं म्हणावं लागलं नव्हतं.

मग एक दिवस नवव्या दाराच्या अलीकडच्या शेवटच्या खड्ड्याशी कंदीलवाला उभा असताना मागे साहेब येऊन उभे राहिले. "ही फ्लॉपी कोणाची?" त्यांनी विचारलं. फ्लॉपी सुनीतीची होती. भावाने दिलेली. सुनीती अजून कायम झालेली नव्हती, महिन्यावर लग्न आलं होतं. ती डब्यातल्या फ्लॉवरकडे बघत राहिली. गीतांजली म्हणाली, "माझी आहे, सर." आठ दिवसांत तिच्या बदलीची ऑर्डर निघाली, अलिबागला. निरोपाच्या दिवशी सुनीतीने ताप आल्याचं कळवलं. ताप नव्हता.

तीस वर्षं ती गोष्ट सुनीतीच्या घशात अडकून राहिली होती. गीतांजली काही हरवलेली नव्हती. 'सेवानिवृत्त मित्रमंडळ' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वर्षांपासून होती. मुलीजवळ उलव्याला राहायला आली होती आणि रोज सकाळी न चुकता फुलं पाठवायची. सुनीतीला फक्त नंबर दाबायचा होता. पण तो फोन करण्यापेक्षा कंदीलवाल्याला नववं दार ओलांडून द्यावं, मग आपोआप काहीतरी मोकळं होईल, असं तिने मनाशी ठरवलं. तुर्भ्याच्या भंगारातून अख्खा कॉम्प्युटर उभा करणं तिला एका फोनपेक्षा सोपं वाटलं. माणसं अशीच असतात.

तुर्भ्याला ज्ञानू माने नावाचा भंगारवाला होता, मूळचा कोरेगावकडचा. कचेऱ्यांच्या लिलावातला माल त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये छपरापर्यंत रचलेला.

"ह्ये पेंटियम घ्या, ताई. लय पळतंय."

"मला पळणारं नको."

"मग ह्ये बघा. जरा कमी पळतंय."

"अजून कमी."

ज्ञानूने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "ताई, हितं येनारं गिऱ्हाईक म्हनतं फाष्ट द्या. सावकाश द्या म्हननाऱ्या तुमीच पयल्या बघा."

सुभाषराव बरोबर होते आणि सल्ला देत होते. सुनीतीने त्यांना एका खोक्यावर बसवलं आणि निवड सुरू केली. सगळ्यात जुन्या पिढीचा ३८६ लावून बघितला. तो फारच म्हातारा निघाला, कंदीलवाल्याने उचललेला पाय टेकेपर्यंत चहा होऊन गेला असता. मग त्याच्या पुढच्या पिढीचा ४८६ सापडला, पुढे 'टर्बो' असं लिहिलेलं बटण असलेला. हे बटण नावाला वेग वाढवण्यासाठी, प्रत्यक्षात लोक ते वेग कमी करण्यासाठी वापरत. जुने खेळ नीट चालावेत म्हणून. सरकारी कचेरीतला जलद निपटारा कक्षही असाच असतो. ज्ञानू म्हणाला, आवाजासाठी वेगळं कार्ड टाकून देतो, घरात सिनेमा लागल्यागत वाटेल. सुनीती नको म्हणाली. कंदीलवाल्याचा आवाज डब्याच्या पोटातल्या बारक्या स्पीकरमधूनच यायला हवा. कचेरीत दोघी तो रुमाल कोंबून दाबायच्या.

कीबोर्ड निवडताना तिने डोळे मिटले. अकरा कीबोर्ड ओळीने ठेवायला लावले आणि एकेकाचा स्पेसबार दाबत गेली. दहा फुसफुसले. अकरावा 'टक्' असा बोलला. तिने डोळे उघडले.

"ह्यो नका घेऊ, ताई," ज्ञानू म्हणाला. "ह्याचं लांबडं बटन आडकतंय."

तिने तोच घेतला.

डब्यात फ्लॉपी घालायची होती ती, साहेब यंत्रातच विसरून गेलेली, स्टीलच्या कपाटात पैठणीच्या घडीत तीस वर्षं पडून होती. डांबरगोळीचा वास मारत होती, पण चालली. मागच्या खोलीत टेबल लावलं, पडदा ओढला. मॉनिटर तापला तसा त्याला जुन्या धुळीचा वास सुटला आणि हिरवट उजेडात कंदीलवाला उभा राहिला. तोच. तीच चाल, पाय जरासा फेंगडा टाकण्याची. सुनीतीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यामुळे तिला पहिला खड्डा दिसला नाही.

दिसला तेव्हा उशीर झाला होता. शिवाय तिच्या एक गोष्ट लक्षात आली. उडी मारायची असते हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. डावा हात मांडीवर होता. तो तिथेच राहिला.

टक्.

कंदीलवाला उडाला. खड्ड्यापलीकडे उतरला आणि चालू लागला.

सुनीतीने स्पेसबारकडे पाहिलं. तो वर होता. घड्याळात एक वाजून चौतीस मिनिटं झाली होती.

आपल्याकडे भर दुपार ही वाईट वेळ समजतात, ते उगाच नाही. रात्री निदान माणसं घरात असतात. दुपारी सोसायटीत लिफ्टदेखील हलत नाही, वॉचमन खुर्चीत मान टाकून असतो, सगळ्यांची दारं बंद. अशा वेळी मागच्या खोलीत सुनीती एकटी बाण दाबत होती आणि उड्या कोणीतरी दुसरंच मारत होतं. अगदी वेळेवर. एकही हुकली नाही. दोन वाजले आणि पुढच्या खड्ड्यात कंदीलवाला सरळ चालत जाऊन पडला.

तिने सगळं करून पाहिलं. सकाळी दहाला खेळली, पडला. दुपारी चारला खेळली, पडला. दीड ते दोनच्या दरम्यान मात्र उडायचा. ती स्पेसबारकडे टक लावून बघत राही. बटण तसूभरही खाली जात नसे, आवाज फक्त यायचा.

"उष्णतेचं प्रसरण," सुभाषराव म्हणाले. त्यांना ही दोन शब्दांची शास्त्रीय माहिती शाळेपासून होती आणि ती वापरायची संधी फार दिवस आली नव्हती. "दुपारी पत्रा तापतो. आतला पार्ट फुगतो. टेकतो. टक्."

"आणि बरोबर खड्डा आला की टेकतो?"

"तो योगायोग."

"आठ दिवस?"

"मग दाट योगायोग."

खरं सांगायचं तर सुनीतीला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती. उलट ती सव्वा वाजता केस नीट बांधू लागली, घरची मॅक्सी बदलून साडी नेसू लागली. जेवण ताटात वाढून घ्यायच्या ऐवजी डब्यात भरून मागच्या खोलीत नेऊ लागली. एक दिवस तिने खुर्ची थोडी उजवीकडे सरकवून घेतली. का सरकवली, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

दारामागून दार उघडत गेलं. उघडलं की परवलीचा एक शब्द मिळायचा, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. बाराव्या दिवशी आठवं दार झालं. तेराव्या दिवशी सुनीती उपाशीच बसली. शेवटचा खड्डा आला. तिने बाणावरचं बोट दाबून ठेवलं.

टक् झालं नाही. कंदीलवाला पडला.

पुन्हा नेला, पुन्हा पडला. अलीकडच्या सगळ्या खड्ड्यांवरून सरळ उडायचा, त्या एका खड्ड्याशी आलं की सगळं गप्प. तीन दुपारी हेच. सोळाव्या दुपारी तिने चिडून बाण सोडून दिला. तेव्हा काठावर उभा राहिलेला कंदीलवाला हळूच वळला आणि त्याने तोंड पडद्याबाहेर केलं.

दोन वर्षं आणि सोळा दिवसांत सुनीतीने त्याची फक्त बाजू पाहिली होती. डावी नाहीतर उजवी. त्याला समोरून चेहरा आहे हे तिला माहीत नव्हतं. चेहरा म्हणजे चार ठिपके. पण ते चार ठिपके तिच्याकडे बघत होते, आणि काहीतरी ऐकायची वाट बघत होते. सुनीती ओरडली.

सुभाषराव स्क्रूड्रायव्हर घेऊनच धावले. नवरे अशा वेळी मिठी वगैरे मारत नाहीत, वस्तू उघडतात. त्यांनी वायर काढली, चार स्क्रू सोडवले. त्याच वेळी दाराची बेल वाजली. तावडे 'टकटक आवाजाबद्दल' आलेली तक्रार घेऊन उभे होते आणि त्यांच्या मागे डोक्यावर पाटी घेतलेली चांगुणाबाई. ती दिवाळे गावची, दर बुधवारी मासळी घेऊन यायची. दोघं आत यायला आणि सुभाषरावांनी पत्रा उचलायला एकच गाठ पडली.

डबा आतून लालभडक होता. सगळ्या कोपऱ्यांत कुंकू साचलेलं, त्यात हळदीचे पिवळे पट्टे. तारांच्या जाळीत तांदूळ. एक सुपारी. झेंडूच्या पाकळ्यांचा भुगा. आणि पंख्यामागे वाळून काळं पडलेलं एक लिंबू.

तावडे दोन पावलं मागे गेले. चांगुणाबाई दोन पावलं पुढे आली. पाटी खाली ठेवून तिने आत वाकून नीट पाहिलं.

"बाय, ह्या तं कुनीतरी केलंय," ती शांतपणे म्हणाली. "लिंबू हाय, तांदूल हान, कुकू हाय. आजून काय पायजे तुला?"

आणि सुनीतीला, एवढ्या भीतीतही, हसू फुटलं. तिने ते सगळं ओळखलं होतं. "अहो, ही खंडेनवमी आहे!" ती म्हणाली.

कचेरीत दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची. टाइपरायटर, झेरॉक्स, वजनकाटा, सगळं पुसून ओळीने मांडायचं. कॉम्प्युटरला मान जास्त, म्हणून त्याला कुंकूही जास्त. वरच्या जाळीवर अक्षता टाकल्या की त्या खाली पोटात जायच्या. कोणी काढायच्या? वर्षातून एकदा मनोभावे हात लागायचा तेवढा, तो पूजेला. असे पंधरा-वीस दसरे त्या डब्याने पोटात घेतले होते.

"पूजा असेल तर लिंबू कशाला?" तावड्यांनी दारातून विचारलं.

"त्या वर्षी ऑडिट असेल."

तावड्यांचं समाधान झालं नाही. घरात करणी, बाराशे सभासदांची सोसायटी, आणि आपण सेक्रेटरी. "ही वस्तू आजच्या आज बाहेर काढा, मॅडम," त्यांनी फर्मावलं. मग बहुधा त्यांना रजिस्टर आठवलं, कारण त्यांचा चेहरा बदलला. "पण काढणार कशी? कॉम्प्युटर आत आल्याची एंट्रीच नाही. जे आत आलेलं नाही ते बाहेर कसं जाईल?"

"टीव्ही म्हणून जाऊ दे," सुभाषराव म्हणाले.

"टीव्ही गेला तर एंट्री मिटली. मग हा कॉम्प्युटर घरात उरतो, तो कुठून आला?"

सगळे त्या लाल डब्याकडे बघत राहिले. तो कुठून आला, हा प्रश्न अचानक खोलीत फार मोठा झाला होता. चांगुणाबाईने पाटी उचलली, जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "काडाचा नसल तं नको काडू, बाय. पन त्याला काय पायजे ता तरी इचार." आणि बोंबील न विकताच खाली उतरली.

सुभाषरावांनी मार्ग काढला तो असा: ज्ञानूला बोलवायचं, सगळं साफ करून घ्यायचं, आणि विषय वार्षिक सभेपुढे ठेवायचा, म्हणजे तो आपोआप मरतो. ज्ञानू दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ब्रशने डबा लख्ख केला. मग कीबोर्ड उलटा करून उघडला.

"ताई, हिकडं या. ह्ये बघा."

शंभरावर बटणं होती. सगळ्यांच्या खाली नुसती धूळ. फक्त लांबड्या बटणाखाली कुंकू होतं, वर्षांवर वर्षं थापून दगडासारखं घट्ट झालेलं.

"एकाच बटनाला कोन वाहील वो इतकं कुकू?" ज्ञानू म्हणाला.

सुनीतीने विचारलं, "हा माल कुठल्या कचेरीचा होता?"

"आलिबागच्या लिलावातला लॉट हाय ह्यो."

त्याने ते बटण आणि खालचा खटका दोन्ही उपटून काढले. खटका कुंकवाने खाऊन टाकला होता, दुरुस्त होण्यासारखा नव्हता. दुसरा मिळाला तर आणून बसवतो, म्हणाला आणि तो पुडीत बांधून घेऊन गेला. कीबोर्डच्या खालच्या ओळीत वीतभर भोक राहिलं.

"झालं," सुभाषराव हात झटकत म्हणाले. "बटणच नाही, तर टक् कुठून होणार? भूत गेलं तुर्भ्याला."

त्या दिवशी दुपारी दीडला सुनीती बसली. नवव्या दाराचा शब्द तिने टाकला. वाटेतले खड्डे कंदीलवाल्याने टक् न होताच ओलांडले आणि शेवटच्या काठावर या वेळी आधीच वळून तोंड बाहेर करून उभा राहिला. खोलीत काही आवाज नव्हता. तिच्या डावीकडची जागा रिकामी होती, आणि ती जागा रिकामी आहे हे तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा जाणवलं. तिला रडू कोसळलं. लाज वाटत होती, तीस वर्षांची लाज, आणि ती सोडवायला तिने काय आणलं होतं, तर एक भंगारातला डबा. तिने फोन उचलला आणि पुन्हा विचार करायला वेळ मिळू नये म्हणून लगेच नंबर दाबला.

"बोल, सुनीती," पलीकडून आवाज आला. जणू सकाळीच बोलणं झालं होतं.

"गीता... कशी आहेस?"

"बरी आहे. जेवतेय. म्हणजे जेवू बघतेय." भांड्याचा आवाज झाला. "हा उजवा अंगठा बघ ना. गेले पंधरा दिवस दीडच्या ठोक्याला उडायला लागतो. हातातला चमचा पडतो. त्यातले शेवटचे तीन-चार दिवस थांबूनथांबून उडतोय. डॉक्टर म्हणाले, बी-ट्वेल्व कमी आहे. गोळ्या घेतेय, फरक शून्य."

सुनीतीने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"दीड ते दोन?" तिने विचारलं.

"दीड ते दोन." मग गीतांजलीने विचारलं, "कुठे उभा आहे तो?"

"नवव्या दाराशी. शेवटच्या खड्ड्यावर."

"मला वाटलंच."

"उडत नाहीये, गीता. बाकी सगळीकडे उडाला. इथेच उडत नाही."

"नाही उडणार," गीतांजली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "तीस वर्षं झाली, सुनीती. मी रोज सकाळी त्या ग्रुपवर फुलं टाकते ती काय मला फुलांची हौस आहे म्हणून? वाटायचं, आज निदान तू हे तरी बघशील, एक शब्द टाकशील. अंगठाही नाही दाखवलास कधी. आधी तू बोल. मग बघू उडीचं."

पडद्यावर ते चार ठिपके सुनीतीकडे बघत होते. दारात सुभाषराव येऊन उभे होते, हातात वरणभाताचं ताट. त्यांच्यादेखत बोलायचं म्हणजे आणखी कठीण. सुनीतीने दोनदा घसा खाकरला.

"फ्लॉपी माझी होती," ती म्हणाली. "साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. भीती वाटली म्हणून. तू माझ्यासाठी अलिबागला गेलीस आणि मी तुला निरोप द्यायलाही आले नाही. ताप आला नव्हता मला. मी खोटं बोलले. चुकलं माझं, गीता."

फोन बंद झाला की काय, असं सुनीतीला वाटलं. तिने एक बोट बाणावर ठेवलं, नुसतं सवयीने. कंदीलवाला हळूहळू बाजूला वळला आणि त्याने तोंड दाराकडे केलं.

टक्.

आवाज फोनमधून आला की कीबोर्डच्या भोकातून, हे सुनीतीला कळलं नाही. सुभाषरावांना कळलं असावं. त्यांनी एकदा भोकाकडे, एकदा फोनकडे पाहिलं, ताट जमिनीवर ठेवलं आणि तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच काहीही सल्ला न देता शेजारी खाली बसले.

"उडाला?" गीतांजलीने विचारलं.

"उडाला गं."

"मग चालव ना पुढे. रडत काय बसलीस? माझा अंगठा दुखायला लागलाय."